नेमाचा रकाना

परत आलेली प्रत्येक पेटी स्वच्छ असायची, आणि तेच नियमताईला खुपायचं.

खेळ आवडला की पेटीची दशा दशा होते. कोपरे दबतात, झाकणावर चहाच्या कपाचे गोल उमटतात, एखादा फासा हरवतो आणि त्याच्या जागी कुणाच्या तरी घरातला भलत्याच रंगाचा येऊन बसतो. पण 'सांगावा'च्या पेट्या परत येत होत्या त्या दुकानातून नुकत्याच आणल्यासारख्या. फासे मोजून ठेवलेले, कागद टाचलेले, वर चिठ्ठी: 'छान आहे. धन्यवाद.'

"धन्यवाद म्हणे," ती वहिनीला म्हणाली. "पाहुणा ताटात अर्धं टाकून उठला की असंच म्हणतो."

वहिनी पडद्यावर पानं जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, अजून एक पेटी यायची आहे. लॉन्ड्रीची."

त्यांचं प्रकाशन म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली चाकं ठोकली जायची, वर फासे ठोकले जायचे. टेबलावरचे गोष्टीचे खेळ काढायचा त्यांचा उद्योग. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट चालवायची, आणि पुढे काय घडतं यावर अडलं की फासे टाकायचे. कारभार दादाचा, चित्रं आणि पानांची मांडणी वहिनीची, आणि नियम लिहायचे धाकट्या बहिणीनं. म्हणून ती सगळ्या खेळणाऱ्यांची नियमताई. दुसऱ्यांच्या डोक्यातले खेळ तिनं वर्षानुवर्षं घासूनपुसून दिले होते. 'सांगावा' मात्र तिच्या स्वतःच्या डोक्यातला, पहिलाच. डोंगराळ मुलुख, पूल पडलेले, आणि या गडावरून त्या गडावर निरोप पोचवणारे जासूद.

त्यांच्याकडे कुठलाही खेळ बंद खोलीत पुरा होत नसे. कच्चा खेळ पेटीत घालून ओळखीपाळखीच्या टेबलांकडे पाठवायचा. लोक खेळायचे, कुठे खुपतं ते सांगायचे, ही मंडळी दुरुस्ती करायची आणि पुन्हा पाठवायची. शेवटी एक कसोटी असे, ती दादानं काढलेली: पेटी परत मागायची. लगेच दिली तर खेळ अजून कच्चा. सबब सांगितली तर पक्का. 'अहो, पेटी माळ्यावर ठेवलीय आणि शिडी शेजाऱ्यांकडे आहे' असं कुणी म्हणालं, की दादा त्या दिवशी छापखान्याला फोन लावायचा. एक तरी अस्सल सबब यावी लागे. त्याशिवाय खेळ छापायचा नाही, मग तो परक्याचा असो की सख्ख्या बहिणीचा.

'सांगावा'ला आजवर एकही सबब आली नव्हती. आली नाही, तर दादा या हंगामात समुद्री चाच्यांच्या खेळाचा दुसरा भाग छापणार होता, आणि 'सांगावा' कपाटात जाणार होता. त्या कपाटातून परत बाहेर आलेला खेळ अजून कुणी पाहिला नव्हता.

आता सगळी भिस्त लॉन्ड्रीवर. आणि लॉन्ड्रीचा काही नेम नव्हता.

तिथल्या मावशी मधूनमधून फोन करायच्या, आणि त्यांच्या शंका ऐकून नियमताई चक्रावून जायची.

"ताई, आजारपणात नेम चुकला तर चालतं का हो?"

"चालतं की. तापात माणसाचा हात थरथरणारच. दोन गुण कमी धरा आणि पुढे चला."

पलीकडे मावशी कुणाला तरी म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? समजूतदार बाई आहे."

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "आणि पाहुण्यांच्या घरी नेम कसा धरायचा?"

पाहुण्यांच्या घरी बाण मारायची वेळ कशाला येते, हे तिला कळेना. पण टेबलावरच्या गोष्टीत आपण नाक खुपसायचं नाही, असा दस्तूर होता. "यजमानांना आधी विचारावं," ती सांभाळून म्हणाली. "आणि काचेच्या वस्तूंपासून लांब."

"काचेच्या?"

"हो, आपली खबरदारी."

मावशींनी ते शब्द पुन्हा पुटपुटले. "खोल आहे हो," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

"तिरंदाजांची पलटणच बसवलीय वाटतं त्यांनी," दादा हसला. "जा, तू स्वतःच जा पेटी आणायला. निदान कपडे तरी इस्त्री होऊन येतील."

लॉन्ड्री बंद व्हायच्या सुमारास ती पोचली. खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. शटर अर्धं खाली होतं. आत वाफेचा आणि गरम सुती कापडाचा वास, भिंतीलगत नंबरांचे बिल्ले लावलेल्या शर्टांची रांग, आणि मधोमध इस्त्रीचं लांबलचक टेबल. त्यावर जाड कापड असल्यामुळे फासे नीट घरंगळत नसत, म्हणून एक पत्र्याचं तबक ठेवलेलं. सोंगट्या म्हणून कुणी न विचारलेली हरवली-सापडलेली बटणं. टेबलाभोवती चौघं जण: सूत्रधाराच्या जागी मावशी, त्यांची थोरली बहीण आक्का, दातांचे डॉक्टर, आणि गणवेशाची वरची दोन बटणं सोडून बसलेले बसचे ड्रायव्हर.

ती तोंड उघडणार इतक्यात डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. "आक्कांचा नेम चाललाय," ते पुटपुटले.

तिनं इकडे तिकडे पाहिलं. शत्रू कुठे दिसेना, धनुष्यही दिसेना. आक्कांनी बिस्किटाचा एक तुकडा मोडला, एका मोठ्या तपकिरी बटणापुढे ठेवला, आणि डोळे मिटून क्षणभर बसल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "हं, जेवला सरदार. आता बोला सगळे."

"सरदार म्हणजे आमचं खेचर," ड्रायव्हरांनी खुलासा केला. "बसा ताई. आम्ही पुलाशी आलोय."

तिला खुर्ची मिळाली आक्कांच्या शेजारी. पात्राचा कागद समोरच होता. बळ, चपळाई, बोलणी, आणि शेवटी वहिनीनं आखलेला तो अरुंद चौकोन: नेम. त्यात चाराचा आकडा, आणि बाजूला आक्कांच्या ठसठशीत अक्षरात: 'पहिला घास सरदारचा. तोवर मौन.'

नियमताईनं डॉक्टरांच्या कागदाकडे मान वळवली. 'रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरतं ऐकायचं.' ड्रायव्हरांच्या कागदावर: 'मागे राहिलेल्यासाठी थांबल्याशिवाय निघायचं नाही.'

तिच्या मनात आपल्याच पुस्तिकेतली वाक्यं एकामागून एक उठून बसली. बाणांसाठी लिहिलेली, चांगली तासून काढलेली वाक्यं. नेम धरताना बोलू नये. पळता पळता नेम धरता येत नाही. नेम चुकला तर त्या दिवशी फासा पुन्हा टाकता येत नाही. दुसऱ्याच्या नेमात आडवं येऊ नये. नेम रोजच्या सरावानं वाढतो.

मूळ शब्द होता नेमबाजी. तो चौकोनात मावला नव्हता.

"थांबायचं काय?" मावशी ड्रायव्हरांना विचारत होत्या. "पूल डगमगतोय. मागून एक म्हातारा हाका मारतोय. थांबलात तर पूल जाईल, आणि सांगावा अलीकडेच राहील."

ड्रायव्हरांनी कपाळ चोळलं. "आयुष्यभर आरशात बघतोय हो मावशी. माणूस धावत येताना दिसतो आणि मला वेळेत गाडी काढावी लागते. इथं तरी थांबू द्या." मग सावकाश म्हणाले, "थांबलो."

"फासा."

तबकात फासा खणखणला. डॉक्टर उठून उभे राहिले, आक्कांनी सरदारला तळहाताखाली झाकलं. आणि नियमताई, जिनं हा पूल, तो मुलुख आणि त्या फाशाचा एकेक नियम स्वतः लिहिला होता, ती श्वास रोखून बसली. पुढे काय होणार, हे तिला आपल्या खेळात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

म्हातारा पोचला. पूल अर्धा गेला. सरदार नेमका मधल्या फळीवर अडकला, आणि मावशींनी तिथेच गोष्ट थांबवून इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. बाकीच्यांनी एकच कालवा केला.

तिला आपलं काम आठवलं. "मी पेटी न्यायला आले होते," ती हळूच म्हणाली.

चौघांचे चेहरे असे झाले, की जणू तिनं लॉन्ड्रीच विकत मागितली.

"आज कसं देता येईल?" मावशी म्हणाल्या. "सरदार पुलावर आहे."

"माझ्या बसचं ब्रेकचं काम निघालंय," ड्रायव्हर म्हणाले.

"त्याचा पेटीशी काय संबंध?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. मला सुचलं ते सांगितलं."

अस्सल सबब. तीही एक सोडून दोन. परत जाताना तिची पावलं जमिनीवर टेकत नव्हती, आणि तरी चपलेत खडा असावा तसं काहीतरी टोचत होतं.

दादानं ऐकलं आणि फोनकडे हात नेला. "झालं तर मग. छापखाना."

"थांब दादा. ते माझा खेळ खेळतच नाहीयेत." तिनं सगळं सांगितलं, काचेच्या वस्तूंसकट.

वहिनीचे हात जागच्या जागी थांबले. "तो चौकोन मी आखला," ती म्हणाली. "नेमबाजीची बाजी मी उडवली, वन्सं. जागा नव्हती हो." आणि मग तिला हसू फुटलं. "पाहुण्यांच्या घरी."

दादा इतका हसला की खालून सायकलवाल्यानं ठोकणं थांबवून विचारलं, वर सगळं ठीक आहे ना.

"हसा," नियमताई म्हणाली. "पण उद्या ही पेटी विकायला गेली, त्यात नेम म्हणजे बाण असणार. सबब आली ती बाणांना नाही आली. त्यांना खरं सांगायला हवं."

"सांगितलंस आणि त्यांनी पेटी परत दिली, तर?" दादाचं हसू मावळलं. "कसोटी सगळ्यांना सारखी. मला मग काही करता येणार नाही."

"माहीत आहे."

वहिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगून या. न सांगता छापलंत तर पहिल्या प्रतीपासून तुम्हाला ते टोचणार. मी ओळखते ना तुम्हाला. पानावरचा एक अनुस्वार राहिला तरी जेवण जात नाही."

पुढच्या बैठकीला ती गेली, तीच पिशवी खांद्याला अडकवून. सरदारचा घास होईतो थांबली. मग उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की नेम म्हणजे नेमबाजी, चौकोन अरुंद होता, आणि ती सगळी वाक्यं धनुष्यबाणाची आहेत.

टेबलाच्या टोकाला इस्त्री तेवढी सुस्कारे टाकत होती.

"म्हणजे," ड्रायव्हर म्हणाले, "पळता पळता नेम धरता येत नाही, ते..."

"बाणाचं."

"आणि काचेच्या वस्तू?" डॉक्टरांनी अगदी तपासताना विचारावं तसं विचारलं.

"तावदानं फुटतील म्हणून."

"आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की मन काचेसारखं असतं असा त्याचा अर्थ आहे. ती अजून सगळ्यांना सांगते."

आधी आक्का हसायला लागल्या. त्यांचं हसणं बिनआवाजाचं, नुसते खांदे हलायचे. मग ड्रायव्हर, मग सगळेच. मावशींनी कुणाच्या तरी धुतलेल्या रुमालानं डोळे पुसले, तो कुणाचा ते पाहिलं आणि पुन्हा धुवायच्या ढिगात टाकला.

हसू ओसरलं तशा मावशी गंभीर झाल्या. त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पेटीत ठेवले. फासे वर ठेवले. बटणं तेवढी बाजूला काढली, सरदारसकट, कारण ती लॉन्ड्रीची होती.

"आमचंच चुकलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं विश्वासानं दिलंत आणि आम्ही भलताच खेळ खेळत बसलो. तुमच्या कामात खोडा नको, ताई. घ्या पेटी."

आणि पेटी तिच्या पुढ्यात सरकवली.

तिनं पेटीकडे पाहिलं. कोपरे दबले होते. झाकणावर चहाचे इतके गोल होते की मूळचा डोंगर दिसेनासा झाला होता. एका बाजूला इस्त्रीचा तपकिरी टोकदार डाग. तिच्या सगळ्या स्वच्छ पेट्यांमध्ये ही एकच जितीजागती. हिच्यातलं एक अक्षर जरी दुरुस्त केलं, तर आपण कसले नियम लिहिणारे?

"आज नाही नेता येणार," ती म्हणाली.

"का बरं?"

तिनं खूप विचार केला. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे सुचलं ते अगदीच बेताचं निघालं.

"पिशवी नाही आणली."

चौघांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. पिशवीत आणखी चार पेट्या सहज मावल्या असत्या.

"हो का?" आक्का म्हणाल्या. "मग राहू दे हो इथेच. पिशवीशिवाय कशी नेणार बिचारी."

परत आल्यावर तिनं जसं घडलं तसं सांगितलं. दादानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. "कसोटीत असं कुठे म्हटलंय," तो शेवटी म्हणाला, "की सबब खेळणाऱ्यांनीच सांगायची? आजवर आपल्याकडच्या कुणी पेटी घ्यायला नकार दिलेला नाही. ही तर वरच्या दर्जाची सबब झाली." आणि तो उठून फोनकडे गेला. मग परत वळला. "पण आधी बाकीच्या टेबलांना विचारू. ज्यांनी धन्यवाद म्हटलंय त्यांना."

नियमताईनं बाणांचं सबंध प्रकरण उडवलं, नेमाची ती वाक्यं तेवढी जशीच्या तशी ठेवली. स्वतःचं लिहिलेलं खोडताना तिला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. उलट घर आवरल्यासारखं वाटलं. वहिनीनं नेमाचा चौकोन पानभर रुंद केला. खाली एकच ओळ छापली: 'तुमचा जासूद रोज न चुकता काय करतो?' त्याच स्वच्छ पेट्या पुन्हा त्याच टेबलांकडे रवाना झाल्या.

मग फोन सुरू झाले. एका टेबलावरचा जासूद रोज एका दगडाची क्षमा मागत होता, आणि कशाबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे रोज येत होते. दुसरीकडे दोन भावांनी एकमेकांच्या उलट नेम घेतले होते आणि त्यांच्या आईला वेळापत्रक करून हवं होतं. कुणी विचारलं, मनातल्या मनात नेम पाळला तर धरायचा का. नियमताईनं आता निकाल देणं सोडलं होतं. "टेबलानं ठरवा आणि मला कळवा," ती म्हणायची, आणि कळवलेलं पुस्तिकेत जायचं, त्या टेबलाच्या नावासकट.

दादानं रीतसर पेट्या परत मागितल्या. शिड्या शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या, किल्ल्या हरवल्या होत्या, एका घरी तर म्हणे मांजर पेटीवर झोपलं होतं आणि ते उठायचं लक्षण दिसत नव्हतं. दादा प्रत्येक सबब मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि खालचा सायकलवाला वरच्या हशावर हातोडीचा ठोका द्यायचा.

छापून आलेली पहिली पेटी तिनं लॉन्ड्रीत नेली. मावशींनी ती कौतुकानं हाताळली, शेवटच्या पानावर 'इस्त्रीचं टेबल' असं छापलेलं पाहून ते पान दिव्याखाली धरून आक्कांना दाखवलं, आणि नवी पेटी फडताळात ठेवून जुनीच पुढे ओढली.

"नवी वापरा की," ती म्हणाली.

"नवीला अजून चहा लागायचाय," आक्का म्हणाल्या. "बसा. आज नुसतं बघायचं नाही. कागद भरा."

इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्यांच्या टेबलावर पात्र होऊन कधी खेळलं नव्हतं. कायम बाजूला बसून चुका टिपायच्या. तिनं बळ लिहिलं, चपळाई लिहिली. नेमाच्या रकान्याशी पेन्सिल थबकली. मग तिनं लिहिलं: 'कुणाची चूक काढायची नाही.'

डॉक्टरांनी ते वाचलं. मग त्यांनी ड्रायव्हरांना कोपरानं ढोसलं.

सरदारचा घास झाला. जासूद निघाले. वाटेत नदी लागली, आणि ड्रायव्हरांनी फासे उचलून निरागस चेहऱ्यानं म्हटलं, "तर आता चपळाईसाठी तीन फासे टाकतो."

"दोन," नियमताई म्हणाली.

चार माना एकदम तिच्याकडे वळल्या. तिनं हात तोंडावर नेला, पण शब्द केव्हाच बाहेर पडला होता.

"नेम चुकला," आक्का समाधानानं म्हणाल्या.

"अहो, पण ते मुद्दाम तीन म्हणाले. हे धरायचं नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, की दुसऱ्याच्या नेमात आडवं..."

"ही दुसरी चूक काढली," डॉक्टर म्हणाले.

"पुस्तिकेत काय आहे ते आम्हाला पाठ आहे," मावशींनी तिच्या पुढ्यातला फासा उचलून तबकात ठेवला. "नेम चुकला की त्या दिवशी फासा पुन्हा नाही. कुणी लिहिलंय हो हे?"

"मीच," ती म्हणाली.

"चांगलं लिहिलंय," आक्का म्हणाल्या, आणि बिस्किटाचा उरलेला तुकडा तिच्या पुढ्यात सरकवला. "हे खा. उद्यापासून पुन्हा धरा."

तिचा जासूद नदीत पडला. तिघांनी मिळून त्याला बाहेर काढलं, सरदारच्या पाठीवर आडवा घातला, आणि निघण्याआधी ड्रायव्हरांनी मागे वळून पाहिलं, कुणी राहिलं तर नाही ना.